अप्पांच्या जानव्यातली किल्ली

जनरेटरच्या धुराड्यात काजळी साचते ना, तसे आमच्याकडे किस्से साचतात. वेळच्या वेळी काढले नाहीत तर मशीन दमतं. म्हणून रोज चारच्या चहाला आम्ही थोडे थोडे काढतो. आता आलाच आहात तर बसा. ती खुर्ची नको, ती भाऊंची आहे. तिचा एक पाय आम्ही मुद्दाम कापून आखूड केलाय. का, ते पुढे सांगतो.

मी मूळचा भुसावळचा. रेल्वेच्या नोकरीत झाशीला आलो, इलेक्ट्रिकचा फोरमन म्हणून रिटायर झालो आणि इथलाच झालो. त्याला कारण अप्पा सरवटे. त्यांचे पूर्वज कधीकाळी पूजाअर्चेसाठी महाराष्ट्रातून इकडे आले. त्या घराण्यातला पहिला डिझेल जनरेटर अप्पांनी घेतला! इलाइट चौराह्यामागच्या गल्लीत एक जनरेटर, आणि त्यावर चाळीस दुकानं. बत्ती गेली की अप्पांची लाइन चालू. तेव्हा ती इतक्या वेळा जायची की लोक ती आल्यावर दचकायचे.

माझी ड्यूटी सुटली की मी तिथंच असायचो. इंजिनाचा आवाज ऐकल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही. रिटायर झालो त्या दिवशी अप्पा म्हणाले, "फोरमन, येतोस तसाच येत जा. आता फक्त पगार घेत जा!"

त्या एका जनरेटरचे पुढे अकरा झाले, मग सिविल लाइन्सच्या पलीकडे एका अख्ख्या कॉलनीला वीज पुरवायचं काम आलं, आणि आता चिरगावजवळ स्वतःचा सोलर प्लांट आहे. कंपनीला रीतसर नाव आहे, बोर्ड आहे. पण कुणालाही विचारा, "किसकी लाइन है?" उत्तर एकच, "अप्पाजी की!"

माणसं मोजकीच. अप्पा, त्यांचे धाकटे बंधू भाऊ, मुलगी वीणा, लाइनमन रामसेवक, आणि मी. माई, म्हणजे अप्पांच्या पत्नी, ऑफिसात येत नाहीत, पण त्यांना न विचारता आजवर एकही जनरेटर विकत घेतलेला नाही.

*

सुरुवातीचा नियम साधा होता. एका दुकानाला एक बल्ब, एक पंखा. बस्स. पण माणूस म्हटला की हावरटपणा आलाच. कुणी हळूच दुसरा पंखा लावायचं, कुणी टीव्ही.

अप्पा गल्लीत स्टूल टाकून डोळे मिटून बसत. इंजिनाचा आवाज जरा बदलला की एक डोळा उघडायचा. "रामसेवक, डावीकडून सातवं. टीव्ही." रामसेवक जायचा, टीव्ही बंद करून यायचा. मी रेल्वेत इतकी वर्षं मीटर वाचले, पण असा मीटर पाहिला नाही.

एकदा भर दुपारी इंजिन असं कण्हायला लागलं की अप्पांचे दोन्ही डोळे उघडले. "इस्त्री!" ते ओरडले. "टेलरमास्टर!"

रामसेवक धावला, मागून आम्ही. मास्टरजी मशीनवर सज्जनासारखे बसलेले. "कसम से अप्पाजी, हमारे यहाँ तो इस्त्री है ही नहीं! कोयलेवाली थी, वह भी बेच दी."

 अप्पा तिथल्याच बाकावर बसले आणि त्यांनी मास्टरजींच्या मुलाबाळांची चौकशी सुरू केली. शाळा, परीक्षा, सासुरवाडी. मास्टरजींना घाम फुटला. आणि दोनच मिनिटांत कोपऱ्यातल्या कपड्यांच्या ढिगातून धूर निघायला लागला! गडबडीत त्यांनी चालू इस्त्री तशीच पँटींखाली ढकलली होती.

रामसेवकने पाणी ओतलं. मास्टरजी जळकी पँट हातात धरून रडवेले. "अप्पाजी, यह तो ग्राहक की थी!"

अप्पा उठले. "फिर ग्राहक से कहिए," ते म्हणाले, "एक बल्ब, एक पंखा, और एक पायजामा!"

*

आता भाऊंच्या खुर्चीचं.

पहिल्या वर्षीच झालेली गोष्ट. मेन स्विचला तेव्हा कुलूप नव्हतं. लोखंडी पेटी, बाहेर हँडल, झालं. भाऊ खांबावर चढून तार जोडत होते. खाली एका दुकानदाराला क्रिकेटची मॅच बघायची घाई. त्यानं काही विचारलं नाही, पाहिलं नाही, हँडल वर केलं.

भाऊ खांबावरून उडाले ते हलवायाच्या ताडपत्रीवर, आणि ताडपत्री फाटून इमरतीच्या परातीत. जीव वाचला, कंबर गेली. तेव्हापासून डावा पाय आखूड पडतो. खुर्चीचा पाय आम्ही त्या हिशेबानं कापला, म्हणजे ते बसले की दोन्ही पाय जमिनीला टेकतात.

भाऊ स्वतः हा किस्सा हसून हसून सांगतात. "अहो, त्या दिवसापासून इमरती खाल्ली नाही. वाटतं, माझ्याच अंगाची चव लागेल!" सगळे हसतात. अप्पा मात्र आजपर्यंत एकदाही हसलेले नाहीत. भाऊ हा किस्सा सुरू करतात तेव्हा ते उठून इंजिनाचं तेल बघायला जातात.

त्या अपघातानंतर अप्पांनी अलीगढचं एक दणकट पितळी कुलूप आणलं आणि पेटीला ठोकलं. दोन किल्ल्या आल्या होत्या. त्यातली एक त्यांनी कानशीनं घासून सपाट केली. दुसरी जानव्याला बांधली. मी म्हटलं, "अप्पा, एक जास्तीची असू द्यायची की!" तर म्हणाले, "खांबावर माणूस एक असतो फोरमन. त्याचा जीव दोन ठिकाणी कशाला ठेवायचा?"

आणि एक पद्धत पाडली. माणूस वर चढला की खाली किल्लीवाला उभा. बसायचं नाही, पाणी प्यायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. वरचा माणूस तारेला हात लावण्याआधी ओरडणार, "चाबी?" खालून अप्पा सदऱ्यातून जानवं बाहेर ओढून किल्ली उंच धरणार, "हाथ में!" मगच काम. रेल्वेत आमच्याकडे छापील नियमांची पुस्तकं होती, पण इतका चोख नियम मी पाळलेला पाहिला नाही.

किल्लीचा दुसरा उपयोग म्हणजे पाठ खाजवणं. अप्पा विचारात पडले की जानवं मागे सरकवून किल्लीनं पाठ खाजवतात. निर्णय जितका मोठा, तितकं खाजवणं लांब. दुसरा जनरेटर घेतला तेव्हा पाठ सोलवटली होती, असं माई सांगतात.

*

पण जानवं हे काही कायमचं नसतं. श्रावणी येते!

दरवर्षी श्रावणी पौर्णिमेला झाशीतली मराठी मंडळी टेम्पो करून बेतवेवर जातात. स्नान, मंत्र, जुनं जानवं उतरवायचं, नवं घालायचं. त्या वर्षी मीही गेलो होतो. गुरुजी म्हणाले, "जुनं पाण्यात सोडा." अप्पांनी भक्तिभावानं डोळे मिटले, जानवं ओंजळीत घेतलं आणि बेतवामाईला अर्पण केलं. किल्लीसकट!

परत येताना टेम्पोत त्यांची पाठ खाजली. हात मागे गेला, आणि तिथंच थांबला. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही.

बरं, श्रावणी म्हणजे राखीचा दिवस. दुकानं बायकांनी खच्चून भरलेली, मिठाईवाल्यांकडे रांगा. आम्ही गल्लीत पोचायला आणि बत्ती जायला एकच गाठ! चाळीस दुकानं एका सुरात, "अप्पाजी!" आणि अप्पाजी सोवळ्यात, नव्याकोऱ्या जानव्यानिशी, कुलपापुढे उभे.

रामसेवकने विचारलं, "काए अप्पाजी, चाबी कितै है?"

"बेतवा में."

"तो कबै आहै?" मग येणार कधी, म्हणे!

शेवटी करवतीनं कुलूप कापायला घेतलं. अलीगढचं कुलूप ते, दीड तास हललं नाही. अप्पा एकीकडे घाम पुसत होते आणि दुसरीकडे कुलपाचं कौतुकही करत होते. "बघितलंस फोरमन? चीज आहे चीज!"

माईंबरोबर वीणा आली होती. तेव्हा ती चौथी-पाचवीत असेल. घरात मराठी समजायची सगळी, पण बोलायला लागली की निम्मी हिंदी. तिनं सगळा तमाशा पाहिला आणि म्हणाली, "अप्पा, पुढच्या वेळी चाबी माझ्याकडे ठेवा ना. मी कुठे जानवं घालते? म्हणजे फेकायचा सवालच नाही!"

सगळी गल्ली हसली. भाऊ म्हणाले, "पोरगी बरोबर बोलतेय!" अप्पांचा हात सवयीनं पाठीकडे गेला. तिथं किल्ली नव्हती, म्हणून नुसताच परत आला.

"बघू," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तसंच नवं कुलूप आलं, किल्ली नव्या जानव्याला गेली, आणि ते 'बघू' वीस-बावीस वर्षं चाललं.

*

वीणा तेवढ्यात मोठी झाली, डिप्लोमा केला, डिग्री केली आणि घरच्याच धंद्यात आली. लग्नाच्या बोलण्यात मुलाकडच्यांना तिनं पहिला प्रश्न विचारला, "तुमच्या घरात अर्थिंग नीट आहे का?" ज्याच्या घरी होतं त्याच्याशी लग्न झालं. जावई बँकेत आहेत, सज्जन आहेत, आणि आमच्या कामात अजिबात लक्ष घालत नाहीत.

कॉलनीचं काम तिनंच आणलं. तीनशे घरं, स्वतःचा ट्रान्सफॉर्मर, घरोघर मीटर. आता चाळीस दुकानांच्या काळातला अप्पांचा आणखी एक नियम होता. लाइन बंद करायची असेल तर प्रत्येकाला आधी स्वतः जाऊन सांगायचं. चाळीस दुकानांना ठीक. पण कॉलनीत पहिल्यांदा दोन तासांचं शटडाउन घ्यायचं ठरलं तेव्हा वीणा म्हणाली, "अप्पा, मी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप बनवलाय. एक मेसेज, काम खतम."

"मेसेज म्हणजे सांगणं नव्हे," अप्पा म्हणाले आणि चपला घालून निघाले.

झाशीत एखाद्याच्या दारात जाऊन चहा न घेता परत येणं शक्य आहे का? पहिल्या दिवशी बावीस घरं आणि बावीस चहा. दुसऱ्या दिवशी पोट बिघडलं म्हणून सुटी. तिसऱ्या दिवशी कुणाच्या घरी बारसं निघालं, तिथं जेवूनच उठावं लागलं. शटडाउन मंगळवारचं शुक्रवारवर गेलं, शुक्रवारचं पुढच्या मंगळवारवर.

शेवटी कॉलनीतल्या एका वयस्कर बाईंनीच ऑफिसात फोन केला. "अप्पाजी, बत्ती आखिर जाएगी कब? हम लोग दस दिन से पंखा बंद करके प्रैक्टिस कर रहे हैं!"

वीणानं मेसेज टाकला. दोन तासांत काम झालं. खांबावर माणूस, खाली अप्पा, "चाबी?" "हाथ में!" सगळी आखणी वीणाची होती, माणसं तिची, सामान तिचं. ती हेल्मेट घालून अप्पांच्या शेजारी उभी होती. किल्ली तेवढी अप्पांच्या हातात.

*

मग चिरगाव. वीणानं कर्जाचे कागद, परवानग्या, जमिनीचं भाडं, सगळं जमवलं. पडीक रान होतं, त्यावर काचांच्या रांगा उभ्या राहिल्या. आजूबाजूचे शेतकरी रोज बघायला यायचे. एक म्हातारबाबा तर बाजेसकट यायचे. एक दिवस त्यांनी अप्पांना विचारलंच, "काए अप्पाजी, दिन को घाम रात में कितै धरहौ?"

दिवसाचं ऊन रात्री कुठं ठेवणार! अप्पांनी पाच मिनिटं पाठ खाजवली आणि वीणाकडे बोट केलं. "बिटिया से पूछो."

वीणा बाजेवर त्यांच्या शेजारी बसली आणि दिवसाची वीज सरकारी तारेत जाते, रात्रीची तिकडून येते, हे मातीत रेघा मारून समजावून सांगितलं. बाबा हओ, हओ करत राहिले. शेवटी म्हणाले, "समझ गए. मनो उधारी."

प्लांटचं कंट्रोल पॅनेल मोठ्या कंपनीचं, कपाटाएवढं. अप्पांनी त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि विचारलं, "कुलूप कुठं लावायचं?" पॅनेलबरोबर आलेला इंजिनियर हसला. "बाबूजी, इसमें पासवर्ड है. ताला नहीं लगता."

दुसऱ्या दिवशी अप्पा वेल्डर घेऊन हजर! ब्रेकरच्या, म्हणजे इथल्या मेन स्विचच्या, हँडलला कोयंडा जोडायचा म्हणाले. इंजिनियर पॅनेलला पाठ लावून उभा राहिला. "बाबूजी, छेद किया तो वारंटी चली जाएगी!"

"और आदमी चला गया तो?" अप्पांनी विचारलं.

इंजिनियर बाजूला झाला. कोयंडा बसला, आणि त्यात अलीगढचं नवं कुलूप. आता ही अशी कुलुपं त्यांनी एकाच किल्लीची करून घेतली आहेत. गल्लीत, कॉलनीत, चिरगावला. कुलुपं कितीही असोत, किल्ली एकच, आणि ती तिच्या ठरलेल्या जागी.

*

प्लांट जोडायच्या महिनाभर आधी अप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. नर्स म्हणाली, "बाबाजी, धातु की सब चीज़ें उतार दीजिए. यह चाबी भी."

"ऑपरेशन डोळ्याचं आहे," अप्पा मराठीत गरजले, "कमरेचं नाही!"

नर्सला मराठी येत नव्हतं. तिनं नुसता हात पुढे केला. अप्पांनी शेवटी किल्ली सोडली आणि आमच्याकडे वळले. मी होतो, भाऊ होते, वीणा होती. त्या दिवशी कॉलनीत खांबावर काम ठरलेलं होतं. कामाची आखणी वीणाची, म्हणून तिनं साहजिकच हात पुढे केला.

अप्पांनी किल्ली माझ्या हातात ठेवली.

वीणानं तोच हात केसांवरून फिरवला, जणू केस नीट करायलाच काढला होता. मला तोंड कुठं लपवावं कळेना. खरं सांगतो, इतकी जड वस्तू मी रेल्वेतही उचलली नाही.

बाहेर व्हरांड्यात ती मला म्हणाली, "काका, तीन सौ घरं मी चालवते. प्लांट मी आणला. मग अप्पांना काय वाटतं, मी विसरीन? की माझं लक्ष नसेल?" डोळे भरले होते. मी म्हटलं, "विचारतो."

संध्याकाळी विचारलं. अप्पांच्या डोळ्यावर पट्टी होती, त्यामुळे असेल कदाचित, पण सरळ बोलले. "ती विसरणार नाही, माहीत आहे मला. माझ्यापेक्षा हुशार आहे. पण फोरमन, या धंद्यात एक दिवस वाईट येतोच. मी भाऊचं चालणं रोज बघतो. ऑफिसात तो येतो तेव्हा मला आधी पावलं ऐकू येतात, एक मोठं, एक लहान. तिला असं काही आयुष्यभर ऐकायला लागू नये."

 मी किल्ली परत केली. त्यांनी चाचपडतच जानव्याला बांधली. वीणाला मी काही सांगितलं नाही, ती गोष्ट सांगायची तर अप्पांनीच.

*

आणि आता प्लांट जोडला त्या दिवसाचं. चहा गार होऊ द्या, दुसरा मागवतो.

सकाळची अकराची वेळ. आम्ही सगळे चिरगावला. माई पुरणपोळ्यांचा डबा घेऊन आलेल्या, भाऊ आलेले, बाजवाले बाबाही होतेच. सरकारी लाइन अजून जोडायची होती. त्याआधी आमच्याच आवारातल्या शेवटच्या खांबावर एक जोड ढिला निघाला, तो आवळायचा होता. रामसेवकचे गुडघे आता चढत नाहीत. प्लांटसाठी नवा लाइनमन ठेवला होता, चाळिशीचा, कामाला पक्का. रामसेवक त्याला आपली पद्धत समजावत होता. "तार छूबे से पैलां पूछियो, चाबी? नीचे से जवाब आहै."

"जवाब देगा कौन?" त्यानं विचारलं. "अप्पाजी तो रोज यहाँ आएँगे नहीं."

"बिटिया देगी," रामसेवक म्हणाला.

लाइनमननं वीणाकडे बघितलं आणि बेल्ट खाली ठेवला. "तो भैया, बिटिया के भरोसे हम ना चढ़हैं."

 त्याला मी दोष देत नाही, वर जीव त्याचा जाणार होता. आणि खरं सांगायचं तर अप्पांनी इतकी वर्षं दुसरं काय केलं होतं? फक्त इतकं मोठ्यानं म्हटलं नव्हतं.  वीणा हेल्मेटचा पट्टा उगाच घट्ट करत राहिली.

अप्पा कडुनिंबाखाली काळा चष्मा लावून बसले होते. ते उठले. पाठ खाजवली नाही, एवढं मी बघितलं. सदऱ्यातून जानवं बाहेर काढलं. गाठ सुटेना, तर दातांनी सोडवली. वीणाजवळ गेले, किल्ली तिच्या तळहातावर ठेवली आणि तिची बोटं मिटली.

"ब्रेकर पाड. कुलूप लाव."

तिनं ब्रेकर पाडला, कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं. तारेत वीज नाही याची खात्री करून अर्थिंग मी लावलं. वळून बघतो तर अप्पा लाइनमनचा बेल्ट कमरेला बांधत होते!

"अप्पा, वय!" मी म्हटलं.

"फोरमन, तू सेफ्टी बघ. वयाचं मी बघतो."

माई नुसत्या "अहो!" म्हणाल्या.  भाऊ लंगडत पुढे आले, शिडीच्या खालच्या पायरीवर आपला धड पाय ठेवला आणि दोन्ही हातांनी शिडी धरली. अप्पांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि चढायला लागले. एक पायरी, थांबले. दुसरी पायरी, थांबले. सत्तरी ओलांडलेला माणूस तो. 

वर पोचून बेल्ट अडकवला. खाली न बघता ओरडले, "किल्ली?"

वीणाचा हात वर गेला. तिचा आवाज आधी फुटलाच नाही. अप्पा तारेला हात न लावता थांबले.

"हातात!" ती म्हणाली.

काम दहा मिनिटांचं होतं. तेवढ्यात त्यांनी तीनदा विचारलं, आणि तीनदा तिनं हात उंच करून उत्तर दिलं. ती बसली नाही, हलली नाही. बाजवाल्या बाबांनी तिच्यासाठी पाण्याचा लोटा पुढे केला, तर तिकडे बघितलंही नाही. अप्पा खाली उतरले तेव्हा लाइनमननं त्यांच्या चपला त्यांच्या पायांपाशी आणून ठेवल्या.  संध्याकाळच्या आत बाकीच्या दोन खांबांवर तो स्वतः चढला, आणि दोन्ही वेळा वरून "चाबी?" असं ओरडला ते वीणाकडे बघून.

त्याच्या आधी, दुपारीच, प्लांट चालू झाला. मीटरवर पहिला आकडा आला, तेव्हा भाऊंनी टाळ्या वाजवल्या. मग आम्ही कडुनिंबाखाली जेवायला बसलो. पहिली पुरणपोळी वाढून होते न होते तोच अप्पा म्हणाले, "वीणा, किल्ली आण जरा."

माईंचा हात डब्यातच थांबला. भाऊ माझ्याकडे बघायला लागले. रामसेवकने घास खाली ठेवला. वीणानं ओढणीची गाठ सोडली, किल्ली काढली आणि खाली मान घालून अप्पांच्या पुढे धरली.

अप्पांनी ती घेतली. हात मागे नेला, सदऱ्यात घातला आणि डोळे मिटून सावकाश, अगदी मनसोक्त पाठ खाजवली. उजवीकडे, डावीकडे, मग मधोमध. मग किल्ली सदऱ्याला पुसून तिच्या हातात परत दिली.

"घे," ते म्हणाले. "आणि जवळपासच राहत जा. खाज काही सांगून येत नाही!"